पंप आणि घटाचे नऊ दिवस

दम मला लग्नानंतर लागला. सासरी कापड रंगवायचं काम. मागच्या अंगणात चुलीवर मोठे हंडे, त्यात रंग उकळायचा आणि ती वाफ सगळी माझ्या तोंडावर. छातीत शिट्टी वाजायची, तरी मी काठीनं कापड ढवळत उभी. बसून कोण खायला घालणार?

आधी एका डॉक्टरनं गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दम बसायचा, पण तोंड सुजून घागरीएवढं व्हायचं. मग बन्नीमंटप भागातल्या एका कानडी डॉक्टरीणबाईनं पंप दिला, तोंडाला लावून औषध ओढायचा. म्हणाली, "दम असो नसो, सकाळ-संध्याकाळ घ्यायचाच. बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही."

आमच्या अत्तेंना, म्हणजे सासूबाईंना, ते पहिल्यापासून पसंत नव्हतं. "पंप म्हणजे शेवटचं औषध गं. एकदा लागला की सुटत नाही. दारूवाल्यासारखं होतंय." शेजारणीनं वर भर घातली, हाडं पोकळ होतात म्हणून. मी ऐकून घ्यायची आणि न्हाणीत जाऊन ओढायची.

नवरात्र आलं. आमच्याकडं घट बसला की नऊ दिवस कडक मडी, म्हणजे सोवळं. ओलं नेसून स्वयंपाक, कुणाला शिवायचं नाही. अत्ते म्हणाल्या, "तो पंप तोंडात घालतेस. एंजलु की तो! उष्टं तोंड घेऊन देवीपुढं येणार काय? नऊ दिवस राहू दे."

मला पण ते पटलं. लहानपणापासून तेच शिकलेली. आणि दमही नव्हता त्या वेळी.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. अत्ते खूश. "बघ, देवीनंच काढला तुझा दम." मग मी घटावर बांधायच्या कडाकण्या तळायला बसले. तेलाचा धूर, अंगावर ओलं लुगडं. श्वास आत जाईना, बाहेर येईना. झारा हातातनं पडला. यजमानांनी ऑटो आणला. अत्ते मडीच्याच लुगड्यावर माझ्या शेजारी बसल्या, माझा हात घट्ट धरून. मडी कुठली नि काय.

डॉक्टरीणबाईनं तोंडाला मास्क लावून औषधाची वाफ दिली, सुई टोचली. मला जरा बोलता यायला लागलं तशी ओरडली, "याके निल्लिसिद्रि अम्मा? का थांबवलं? कुणी सांगितलं थांबवायला?"

"मी सांगितलं," अत्ते म्हणाल्या. "रोज रोज हे ओढून हाडं जातात म्हणे. जन्मभर घ्यायचंय तिला. खरं काय ते सांगा."

"सारख्या गोळ्या गिळल्या तर ती भीती जास्त, अज्जी. हे औषध थोडंसंच असतंय, आणि थेट छातीत जातंय. काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. मोठा डोस पुष्कळ वर्षं घेतला तर हाडं, डोळे बघावे लागतात. म्हणून तर मी दाखवायला बोलावते, बरी राहिली तर कमी करते. पण आपल्या मनानं सोडलं की आजच्यासारखं होणार. आज उशीर झाला असता तर?"

अत्ते खाली मान घालून माझ्या ओल्या लुगड्याचा पदर पिळत बसल्या.

"आणि घेतल्यावर दर वेळी चूळ भरून थुंकायचं. नाहीतर तोंडात पांढरं येतंय, आवाज बसतोय."

अत्तेंनी मान वर केली. "चूळ भरायची? ते औषधातच आहे काय?"

"हौदु, अज्जी. औषधातच."

"मग आधी सांगायचं की हो! चूळ भरली की एंजलु कुठलं राहिलं?"

डॉक्टरीणबाई हसली. मला हसायला श्वास नव्हता.

पुढच्या नवरात्राला नणंद माहेरी आली. घटाची तयारी चालली होती. मी पंप हातात घेतलेला बघून म्हणाली, "अय्यो वहिनी, अजून आहे ते? आज पण?"

"आज पण. पंप घेऊन, चूळ भरून मी घट बसवणार. चालत नसलं तर तू बसव. कडाकण्या पण तूच तळ."

तिनं आईकडं बघितलं. अत्ते परडीत माती पसरत होत्या, त्यांनी मान पण वळवली नाही. "तिला काही बोलू नको," म्हणाल्या. "न्हाणीत तांब्याभर पाणी ठेव तिला."

मी पंप ओढला, चूळ भरली आणि जाऊन देवीपुढं बसले. पुढं काही वर्षांनी अत्ते वारल्या, मी म्हातारी झाले. डोस कमी झाला, परत वाढला, हाडं-डोळे तपासून झाले. पण आपल्या मनानं मी पंप परत कधी सोडला नाही, आणि कुणाच्या सांगण्यावरून तर नाहीच.