आईचं काडेपेटीएवढं चित्र

लेक पेन्सिलीला टोक करते, तो वास मला सुरतेतून गावाकडं, जवळा बाजारच्या पेंटरच्या दुकानात नेतो. सातवीत शाळा सोडून मी कामाला परमुलखात निघालो होतो. मी रांगत होतो तेव्हाच आई वारली. तिचा फोटो कधी निघालाच नव्हता. म्हणून सोबत न्यायला पेंटरनं मावशीचे डोळे, माझं नाक बघत बघत पेन्सिलीनं काडेपेटीएवढं चित्र काढून दिलं. ही आईच का, मला कसं कळावं?

घरी बाबा चित्राकडं बघतच राहिले. तेवढ्यात थोरले काका आत आले. बाबांनी झटकन चित्रावर तळहात ठेवला.

"काहून झाकून राहिला रे?"

"थांबा दादा. तुमच्यासमोर हिच्या डोक्यावर पदर न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला. आईला खिशात घालून मी गाव सोडलं.