आधी मत, मग पुस्तक

पुस्तकं भाड्याने देणाऱ्या मावशींचा एक नियम होता. जुन्या पुस्तकाबद्दल मत सांगितल्याशिवाय नवं मिळायचं नाही. त्यामुळे रहस्यकथा त्या वाचतच नसत. खुनी कोण, ते काउंटरवरच कळायचं. पण नव्या आलेल्या एका प्रेमाच्या आणि खुनाच्या कादंबरीने त्यांना असं झपाटलं, की एक प्रत त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतली. शेवटची प्रकरणं उरली होती, तोच नर्सबाई आपली प्रत परत द्यायला आल्या.

“नायिकेबद्दलच बोला हं,” मावशींनी बजावलं. “खुनाबद्दल अवाक्षर नको!”

“वेंधळीच आहे ती. नवरा खुनी आहे, हे लग्नाआधीच कळायला नको?”

मावशींनी कपाळावर हात मारला. इतक्यात मागे उभे असलेले शिंपीकाका उसळले, “नवरा? अहो, शेवट वाचलात का?”

“कशाला वाचू? मला सगळं आधीच कळलं होतं!”

“डोंबल कळलं! तो बिचारा तिच्यासाठी जिवावर उदार होतो. खरा खुनी तर...”

मावशींनी झटकन हाताला येईल ते पुस्तक काकांच्या पुढ्यात आदळलं.

“घ्या आणि निघा!”

“अहो, पण माझं मत?”

“उद्या सांगा, पोटभर ऐकेन. आज मला वाचू द्या.”