माहिती फलकाचा पडदा

आमच्या धुळ्याच्या कॉलेजातले हेडक्लार्क प्रत्येक वाक्याआधी ‘नियमाप्रमाणे’ म्हणतात. चहासुद्धा ते नियमाप्रमाणे अर्धाच घेतात. विद्यार्थ्यांना द्यायची सगळी माहिती फलकावर लावा, असा आदेश आला, तेव्हा फलक त्यांनीच लावला. उन्हानं अक्षरं उडतील म्हणून त्यावर लाल मखमली पडदाही शिवून घेतला. तपासणी समिती आली की अध्यक्ष दोरी ओढतात आणि हे टाळ्या वाजवतात.

परवा मी मस्टरवर सही करत होतो, तेवढ्यात दोंडाईच्याचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले.

“भाऊ, पोरीस्नं होस्टेल शे का?”

“नियमाप्रमाणे बठ्ठं फलकावर शे, नाना.”

मुलीनं दोरी ओढली. हेडक्लार्कांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मुलीनं मोठ्यानं वाचलं, “मुलींचे वसतिगृह आहे.”

“पन कोठे शे?” नानांनी विचारलं.

हेडक्लार्क फलकाकडे बघत राहिले. जणू तेही पहिल्यांदाच वाचत होते. मग त्यांनी पडदा नीट ओढून घेतला, प्राचार्यांच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि ‘नियमाप्रमाणे’ न म्हणता हळूच बोलले,

“नाना, पोरीना एसटीना पास काढी ल्या.”