पंज्यावरची शिवण

सिल्वासात एक काळ असा होता की माणूस दाराची कडी वाजवण्याआधी दार वाजवून बघायचा. साग आहे की नुसताच सागाचा रंग, हे त्याला आधी कळायला हवं. लाकडाच्या वखारीत आयुष्य गेलेल्या सुकदेवची ही सवय तर औषधालाही न दबणारी. शहाद्याकडून तरणाबांड आला आणि करवतीला लागला. खानवेलच्या बाजूने सागाचे ट्रक यायचे, सुकदेव ओंडक्यावर बोटाची गाठ मारायचा, कान लावायचा आणि डॉक्टरसारखा निकाल द्यायचा, "आतून पोकळ आहे. बाहेरून मिशा फार." गावातली निम्मी दारं आपण चिरली, असं तो सांगे. उरलेल्या निम्म्यांबद्दल विचारलं तर म्हणे, "ती नीट लागत नाहीत ना? मग ती माझी नव्हेत."

पुढे जंगलतोड थांबली, ट्रक थांबले आणि वखार ओस पडली. शहाऐंशीच्या सुमारास त्याच शेडमध्ये वापीच्या एका शेठने बुटांचा कारखाना घातला. लाकडाचा भुसा झाडून काढला तरी कोपऱ्यांतून वर्षभर निघत होता. पहिले बूट पायात घातले की सागाचा वास यायचा म्हणतात. ही मात्र सुकदेवची माहिती.

त्याची बायको पुतळाबाई शिलाईच्या मशीनवर आधी लागली आणि पक्कीही झाली. नवरा घरी बसलाय म्हटल्यावर तीच सुपरवायझरकडे गेली. सुपरवायझर प्रभाकर राणे मूळचे देवगडचे. ते म्हणाले, "कातडं कापायला घेतो. पण आठवडाभर बघणार. जमलं तर पक्का, नाहीतर तुमचो तुम्हांला परत."

सुकदेवने ही बातमी चहाच्या टपरीवर अशी सांगितली, की कारखाना त्याच्यासाठीच उघडला होता. "सागवान चिरलं आपण. कातडं म्हणजे ओला पापड."

पत्र्याचा नमुना कातड्यावर ठेवायचा आणि रापीने कापायचं. सुकदेव कातड्यावर बोटाची गाठ मारून, हुंगून, डाग चुकवून असे तुकडे बसवायचा की राणेसुद्धा मागे उभे राहून बघत. सुरतच्या व्यापाऱ्याची शाळेच्या काळ्या बुटांची ऑर्डर होती. पंज्यावरचा मोठा तुकडा कापायचं काम त्याने एकट्याने अंगावर घेतलं, सकाळपासून मान वर केली नाही आणि थप्पी लावून मोकळा झाला. थप्पी अगदी फळ्यांची लावतात तशी, कडेला कड.

पुतळाबाईने दोन तुकडे उचलले, एकावर एक ठेवले, मग तिसरा घेतला, चौथा घेतला.

"काय हो गुड्डीचे बापू, आपल्या गिऱ्हाइकाला पाय किती?"

"दोन. का?"

"दोन्ही डावे?"

वखारीत एक फळी चिरली की तशीच दुसरी. उलटी फिरवा, सुलटी फिरवा, फळी ती फळीच. दुसऱ्या पायासाठी नमुना पालथा घालायचा असतो, हे चार जणांनी सांगितलं होतं. पण पंचवीस वर्षांच्या हाताला कोण सांगणार? आणि कातड्याला तोंड एकच, चकाकीचं. ते पालथं घालून चालत नाही.

राणे धावत आले. "अरे मेल्या! लंगडीची शाळा काढतलंस काय? कानपूरचं कातडं संपलं, नवीन यायला आठवडा. उद्या दुपारी व्यापारी येतोय!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "माल गेला नाही तर शेठ तुला ठेवायचा नाही, सुकदेव. मी काय करू?"

शेडमध्ये मशीनं थांबली. टपरीवरचं सगळं बोलणं सुकदेवच्या तोंडावर आलं असावं. तो खाली बसला, वाया गेलेल्या डाव्या तुकड्यांचा आणि कात्रणांचा ढीग समोर ओढला आणि एकेक तुकडा हातात फिरवू लागला. पूर्ण उजवा पंजा एकातही बसेना. मग दोन तुकडे त्याने कडेला कड लावून धरले.

"साहेब, रुंद फळी मिळाली नाही तर आम्ही दोन अरुंद जोडून पाट करायचो. माणसं जेवलीच ना त्यावर?"

"पाट पायात घालीत नाहीत रे!"

"जोड मी देते," पुतळाबाई म्हणाली. "मधोमध शिवण येईल. पण मग डाव्याचं काय? एक पाय नवरदेव आणि एक पाय ठिगळाचा?" मग तिनेच उत्तर दिलं, "डाव्यालाही तशीच टीप मारू. उगीच. शोभेची."

मग सुकदेव अर्धे पंजे कापत गेला, प्रत्येक वेळी नमुना पालथा आहे ना, हे मोठ्याने म्हणत. पुतळाबाई उजव्याला खरी आणि डाव्याला खोटी शिवण घालत गेली. "माझ्या शिवणीवर नोकरी टिकवणारा पहिलाच करवत्या," असं ती मशीनच्या आवाजावरून ओरडून सांगत होती, म्हणजे सगळ्या लायनीला ऐकू जावं.

दुसऱ्या दिवशी सुरतचा व्यापारी आला. त्याने बूट उचलला, शिवणीवरून अंगठा फिरवला, दुसरा उचलला. राण्यांनी देवगडच्या सगळ्या देवांना नारळ बोलून टाकले.

"आ नवी डिझाइन छे?"

राणे पटकन म्हणाले, "हो शेठ. नवी."

"सारी छे," त्याने खूश होऊन मान डोलावली. "कोणे काढी?"

सुकदेव पुढे झाला. छाती फुगली, तोंड उघडलं. मग बायकोकडे बघितलं आणि छाती थोडी उतरवून म्हणाला, "हमारे घर की है, शेठ."

माल गेला. सुकदेव पक्का झाला. शिवणीचा बूट इतका चालला की पुढची सात-आठ वर्षं कारखाना तोच काढत राहिला आणि रांध्यापासून खेरडीपर्यंतची पोरं तोच घालून शाळेत गेली. आता दोन्ही पायांची शिवण खोटी असे, कारण कातड्याला तोटा नव्हता.

सुकदेवची मात्र मान कायमची खाली गेली. लाजेने नाही. रस्त्यात भेटलेल्या माणसाचे तो आधी पाय बघतो, मग रामराम करतो. त्या वर्षांतल्याच एका नवरात्रात दोघं देवळात आली होती. पुतळाबाई आत गेली आणि हा चपलांच्या ढिगापाशी हात मागे बांधून उभा.

"अहो, देव आत आहे!" तिने हाक मारली.

"आलो. ओळखीचे भेटले."

ती वैतागून बाहेर आली, हात धरून ओढायला वाकली आणि तशीच थांबली. एक बूट उचलून तिने उजेडात धरला, शिवणीवर नख फिरवलं.

"ही माझी नाही. दुसऱ्या लायनीची आहे. बघा कशी वाकडी गेलीय." मग शेजारचा उचलला, पदराने पुसला आणि त्याच्यासमोर धरला. "ही बघा. ही माझी."

आणि दोघं तिथेच पायरीवर बसली. आरती सुरू झाली तरी त्यांचं बघून संपेना.