दात नसलेला मासा

संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं, त्या वर्षी लालबागच्या आमच्या चाळीच्या गणपतीपुढे मी मासा उभा केला. मी सायन्सला होतो. लायब्ररीतल्या एका पुस्तकात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले शिकारी पाहिले होते : माणसाएवढा पाण्यातला विंचू, जबड्यात दातांची चकली वळलेला मासा. मला आवडला तो चिलखती मासा. त्याला दात नव्हतेच. जबड्याची हाडंच एकमेकांवर घासून त्यांना सुरीची धार यायची. पचलं नाही ते ओकून टाकायचा.

त्याच्या तोंडात मुंबईचा नकाशा ठेवायचा, असं मंडळाचं ठरलं. दोरी ओढली की जबडा उघडावा असं लगद्याचं डोकं करताना मी त्याला समोरच्या खोलीतल्या काकांची हनुवटी दिली, त्यांचं बोळकं दिलं. हरताळाच्या दिवशी काका डबा घेऊन बाहेर पडलेले सगळ्यांनी पाहिले होते. गिरणीत कामावर गेले, असं चाळ म्हणायची. ते इस्पितळात आजारी काकूंकडे गेले होते. मला ठाऊक होतं, कारण लाठी खाल्लेल्या मित्राला बघायला मी तिथेच गेलो होतो, काकूंच्या खाटेशी बसलोही होतो. तरी हनुवटी त्यांचीच केली. हुबेहूब जमत होती म्हणून.

"ह्यो मासो वळखीचो दिसता," पहिल्याच संध्याकाळी कोणीतरी म्हणालं आणि चाळ हसली.

आरतीचा मान रोज एका खोलीला. पाचव्या दिवशी काकांची पाळी आली. ते तबक घेऊन उभे राहिले, पण झांजा कोणी उचलल्या नाहीत. आजारातून उठलेल्या काकूंनी केलेले मोदक ताटात तसेच. काका माझ्याकडे वळले.

"त्या दिवशी तू इस्पितळात भेटला होतास ना रे? सांग की ह्यांना."

परळपासून लोक माझा मासा बघायला येत होते.

"मी नव्हतो काका," मी म्हणालो.

"दोरी ओढ रे," मागून एक जण म्हणाला. मी ओढली. काकांच्या डोक्यावर त्यांचाच जबडा उघडला, मिटला. लोक हसून बेजार. काकांनी आरती एकट्याने पुरी म्हटली.

दसऱ्याच्या आत त्यांनी खोली सोडली. सामान उतरत होतं तेव्हा मी जिन्यात सापडलो. शेजारचे दोघे-तिघे तिथेच उभे होते.

"इस्पितळात तू मला संत्रं सोलून दिलं होतंस," काकू म्हणाल्या, आणि थांबल्या.

मी भिंतीला चिकटून त्यांना वाट दिली.