काचेच्या बशीतली धडधड

स्पिरिटचा वास आला की मला दारव्ह्याजवळच्या एका गावातली ओसरी आठवते. तिथल्या म्हातारीचा तरणा मुलगा धावता धावता कोसळून गेला होता आणि अख्खं गाव, म्हातारीसकट, सुनेला पांढऱ्या पायाची म्हणत होतं. चळवळीच्या कामानं माझं तिथे जाणं-येणं असायचं; संताप यायचा मला! म्हातारीचा भाऊही त्याच वयात असाच गेलेला, तेव्हा ही सून जन्मलीसुद्धा नव्हती. पण तो विषय कोणी काढायचं नाही. अशा अचानक मृत्यूंचं कारण शोधणाऱ्या शहरातल्या संशोधक बाई म्हातारीचं रक्त मागायला आल्या, तेव्हा मी ‘गरिबांचं रक्त फुकटचं नाही’ असं पत्रक छापून वाटलं. म्हातारी म्हणाली, “तुह्या कागदानं माह्या पोराचं कारण सांगतलं का?” आणि स्पिरिटचा बोळा फिरवायला तिनं हात पुढे केला. काही महिन्यांनी बाई परत आल्या. त्या रक्तातल्या पेशींपासून त्यांनी प्रयोगशाळेत हृदयाच्या पेशी वाढवल्या होत्या. मोबाइलवर त्या काचेच्या बशीत धडधडताना दिसत होत्या, मधेच अडखळत होत्या. “आजी, हा दोष जन्माचा, तुमच्या माहेराकडून आलेला. आता नातीलाही तपासू, वेळेत कळलं तर औषध देता येतं.”  म्हातारी दाराआडच्या सुनेला म्हणाली, “इकडं ये व माय. हे माह्या रक्तातलं हाय, तुहा काही दोष नाही.” एवढ्यावर न थांबता तिनं शेजारणींना हाका मारून ओसरीत बसवलं आणि तेच पुन्हा सांगितलं. त्यानंतर मी ढीगभर पत्रकं लिहिली, सगळी दुसऱ्यांवर बोट रोखणारी. तिच्याइतकं खरं अजून एकही उतरलेलं नाही.