प्लास्टिक काढू नका

आमचे हे भित्रे आहेत. मी हे त्यांच्या तोंडावर सांगते, त्यामुळे इथे सांगायला हरकत नाही. गॅस बंद केला की तीनदा बघतात, मग मला विचारतात, आणि मी "बंद आहे" म्हटलं की खरं बोलतेय का ते बघायला चौथ्यांदा जातात. लिफ्टमध्ये पाचवा माणूस शिरला की हे बाहेर. तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढले, पण त्यातल्या एकाही इमारतीच्या गच्चीवर पाऊल टाकलं नाही. का, तर म्हणे, "त्यात काय काय राहून गेलंय ते मलाच माहीत आहे ना."

अक्षर मात्र बघत राहावं असं. ड्राफ्ट्समनचं अक्षर, एकेक सुटं, सरळ उभं. वाणसामानाची यादी केली तरी ती फ्रेम करून लावावीशी वाटते. आणि भीती वाटली की हे यादी करतात. जुन्या नकाशाच्या पाठकोऱ्या कागदावर, आकडे घालून: काय बिघडू शकतं, एक, दोन, तीन. मी त्या कागदांनी कपाटाचे कप्पे झाकते.

तर हे एकदा ऑफिसातून आले ते चपला घालूनच स्वयंपाकघरात आले. मी ओरडणार होते, पण चेहरा बघितला आणि आधी गॅस बारीक केला.

"दोघांपैकी एकालाच ठेवणार आहेत," हे म्हणाले.

नवीन साहेब आले होते. त्यांना सपाट नकाशे नको होते. इमारतीतून चालत गेल्यासारखी फिल्म हवी होती: दारातून आत, जिन्याने वर, खिडकीतून उजेड. ड्राफ्ट्समन दोन, हे आणि एक तिशीतला. दोघांनी एकाच इमारतीची फिल्म घरच्या कॉम्प्युटरवर करायची आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाचच्या आत पाठवायची. ज्याचं येणार नाही किंवा डावं ठरेल त्याने घरी बसायचं. यांचं वय पंचावन्न. पंचावन्नाव्या वर्षी बाहेर पडलेल्या माणसाला दारात तरी कोण उभं करतं?

घरचा कॉम्प्युटर इतका म्हातारा होता, की चालू करून आंघोळीला जावं आणि येऊन बघावं. नवा घेणं भाग होतं, आणि तोही आपल्या आवाक्यातला. कॉम्प्युटरचं डोकं म्हणजे प्रोसेसर, तो कोणता घ्यायचा यावर यांनी दोन आठवडे घालवले. दोन आठवडे! मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा इतकी चौकशी केली नव्हती. शेवटी यांच्या बहिणीची मुलगी मदतीला आली. ती एका इस्पितळात कॉम्प्युटर सांभाळते, बोलायला एकदम फटाकडी.

"मामा, महागाच्या मागे लागू नकोस," ती म्हणाली. "हा सहा कोअरचा घे. सहा जण मिळून काम करतात असं समज. स्वस्त आहे, आणि याचा वेग आपल्याला वाढवता येतो. गरज पडली तर ओव्हरक्लॉक करू."

"म्हणजे कंपनीने सांगितलंय त्यापेक्षा जास्त पळवायचा?" यांच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि जळला तर?"

"जळत नाही रे. जास्त तापला तर आधी आपणहून दमानं घेतो, आणि तरी नाही भागलं तर बंद पडतो. फक्त वरचा कूलर चांगला बसव."

कूलर म्हणजे प्रोसेसरवर बसतो तो धातूचा ठोकळा आणि त्याच्यावरचा पंखा. प्रोसेसरची उष्णता ठोकळा ओढून घेतो, पंखा ती बाहेर फेकतो. मधे करड्या रंगाची पेस्ट लावतात, म्हणजे दोघांत फट राहत नाही. जोडायला भाची स्वतः येणार होती, पण ऐनवेळी तिची ड्यूटी लागली. मग तिने फोनवरून सांगायचं आणि यांनी जोडायचं असं ठरलं. जीव मुठीत धरून यांनी जोडलं. मी स्वयंपाकघरात होते. मधेच हाक आली, काहीतरी विचारलं, मी काहीतरी सांगितलं. पोळी तव्यावर असताना मला कुणी हाक मारलेली खपत नाही.

कॉम्प्युटर सुरू झाला आणि मी म्हटलं, सुटलो. कसलं काय! यांनी इमारत पडद्यावर उभी केली, पण फिल्म म्हणजे एकामागून एक सहाशे चित्रं, ती कॉम्प्युटरने तयार करायची होती, आणि एकेक चित्र मुंगीच्या पावलाने येत होतं. शुक्रवारी सकाळपासून फिल्म पाठवायच्या शनिवारी सकाळपर्यंत अर्धीसुद्धा झाली नाहीत. हे नखं खात खुर्चीवर बसलेले, मी मागे उभी. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घड्याळ कळत होतं.

भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "अगदीच मंद दिसतोय. चल, वेग वाढवू. छत्तीसचा आकडा आहे ना, तो अडतीस कर."

यांनी केला. बटण दाबताना डोळे मिटून घेतले. अडतीसवर चार चित्रं भरभर आली, आणि पडदा काळा. पंखा थांबला.

पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. भाची म्हणाली, आकडा परत छत्तीसवर आण. आणला. तरी तिसऱ्यांदा बंद. या वेळी जळका वास आल्यासारखा वाटला, किंवा भीतीने मलाच तसा वाटला असेल. दोन वाजून गेले होते. अजून दोनशे सत्तर चित्रं बाकी.

मी यांच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, आता घाम पुसतील, यादीचा कागद घेतील, गॅस बघायला तरी उठतील. यांनी चष्मा काढला, घडी घातली, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे. झोपतो जरा."

बस्स, तेवढंच.

खोटं कशाला सांगू, आता घाबरले ती मी. तीस वर्षं मी या माणसाच्या भीतीवर वैतागले, हसले, चिडले. पण भीती संपलेला हा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि कूस बदलेनात की खोकेनात. मी दोनदा जाऊन श्वास चालू आहे का ते बघितलं. तिसऱ्यांदासुद्धा गेले.

मग भाचीला व्हिडिओवर घेतलं आणि म्हटलं, "मला सांग काय उघडायचं ते. मी उघडते."

"मामी, तू?"

"मिक्सर कोण उघडतं या घरात? सांग."

आधी वीज बंद, मग चार स्क्रू. पेचकस दोनदा निसटला. तिने सांगितलं तसा कूलर हलकेच पिळून उचलला आणि उलटा करून फोनसमोर धरला.

तिने तोंड पडद्याच्या अगदी जवळ आणलं.

"मामी," ती हळूच म्हणाली, "त्याला नख लाव बरं. कोपऱ्यात."

नख लावलं. पापुद्रा सुटला. ठोकळ्याच्या तळाला पातळ, पारदर्शक प्लास्टिक होतं, आणि पेस्ट त्याच्यावर लावलेली. उष्णता जाणार कुठून? बिचारा प्रोसेसर आतल्या आत शिजत होता, म्हणून मंद झाला, म्हणून बंद पडत होता. आणि आम्ही त्याला अजून पळवत होतो.

आमच्या घरातलं एकही नवं प्लास्टिक मी काढू देत नाही. रिमोट प्लास्टिकमध्ये, खुर्च्यांच्या पाठी प्लास्टिकमध्ये, फ्रिजच्या दाराला सहा वर्षांपूर्वीचं प्लास्टिक. पोळी तव्यावर असताना आलेली ती हाक मला शब्दाशब्दाने आठवली. "अगं, याच्या खाली प्लास्टिक आहे, काढू का?" आणि मी काय ओरडले ते शेजारणीनेसुद्धा ऐकलं असेल. "नवीन वस्तूचं प्लास्टिक काढू नका म्हणून किती वेळा सांगू!"

मी यांना गदागदा हलवून उठवलं. "अहो, उठा! जळला नाही तो, जिवंत आहे!"

स्पिरिटने पुसून, नवी पेस्ट लावून, यांनीच परत बसवलं. मला धड स्क्रू धरता येत नव्हता. तीनला पाच कमी असताना चित्रं पुन्हा सुरू झाली. भाचीने हिशेब केला. मूळ वेगाने पाच वाजून दहा मिनिटं होणार होती.

"दहा मिनिटं," हे म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. तो घाम बघून मला रडू फुटायचं बाकी होतं. आले माझे हे परत.

"बेचाळीस कर, मामा," फोनमधून आवाज आला.

यांचं बोट बटणावर नुसतंच थांबलेलं. मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. दाबलं. मग दोन तास आम्ही पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा बघत बसलो. अडुसष्ट, एकाहत्तर, एकाहत्तर. मधे एकदा चौऱ्याहत्तर झालं, तेव्हा मी सगळ्या देवांना हाका मारल्या. पाचला आठ कमी असताना शेवटचं चित्र आलं, पाचला दोन कमी असताना फिल्म गेली. सोमवारी साहेबांनी यांना ठेवलं. दुसऱ्याचा जिना म्हणे भिंतीत घुसत होता.

भाची नंतर घरी आली तेव्हा तिने विचारलंच, "मामा, त्यावर लाल अक्षरात 'काढा' असं लिहिलं होतं. तू वाचलं नाहीस?"

"नजरचूक," हे म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी गप्प बसले. मी, आणि गप्प!

परवा कपाटाचा कप्पा झाकायला पाठकोरा कागद घेतला, तर ती यादी निघाली. प्रोसेसर जोडताना काय बिघडू शकतं. एक, वीज जाणे. दोन, पिन वाकणे. तीन, पेस्ट जास्त होणे. ते सुरेख, सुटं, सरळ उभं अक्षर. सात नंबरला लिहिलं होतं:

"तळाचे प्लास्टिक: काढा असे छापले आहे. हिला विचारले. ओरडली. ठेवले."